भिंतीपलीकडचा वर्ग

क्रोमार्टी, स्कॉटलंड
१४ ऑक्टोबर २००९

श्रीमती विर्वे सालुवेर यांना नमस्कार.

ठण, ठण, ठण, आणि मग झटपट दोन, ठणठण. आमचे टलक मास्तर हातातली छडी वर्गातल्या गरम पाण्याच्या लोखंडी पाइपवर आपटायचे आणि त्या ठेक्यावर आम्ही पोरं नावाड्याची कविता म्हणायचो. तीन संथ, दोन घाईच्या. साठ वर्षं होऊन गेली. आज सकाळी तो आवाज परत आला. माझ्या दाराची बेल कधीची बंद पडली आहे, म्हणून पोस्टमन छपरावरून उतरणारा पन्हाळीचा पाइप वाजवतो. मी दार उघडलं तर पायरीवर तुमचं खोकं.

उघडलं तर आत एकच उत्तरपत्रिका. नियम असा आहे की बाहेरच्या परीक्षकाकडे नमुना म्हणून सगळ्यात चांगल्या, सगळ्यात वाईट आणि मधल्या काही उत्तरपत्रिका पाठवायच्या. तुम्ही चिठ्ठीवर लिहिलंय, ‘सगळ्यात चांगली, सगळ्यात वाईट आणि मधली, सोबत जोडली आहे.’ मी मोठ्याने हसलो. एकट्याच्या घरात माणूस मोठ्याने हसला की त्याचं त्यालाच ओशाळं वाटतं.

विद्यापीठाच्या गुणवत्ता कचेरीतून डॅलगार्नो बाईंचं पत्र आलं आहे. तुमच्या बेटावर शिकवली जाणारी आमच्या विद्यापीठाची साहित्याची पदवी आता बंद. नवे प्रवेश थांबलेच होते. पण ज्याला एकदा प्रवेश दिला त्याला शेवटपर्यंत शिकवायचं, हा शब्द पाळायचा असतो, आणि शिकणारा एकच उरला म्हणून तराजू बदलायचा नाही. समिती तीच, अहवाल तोच, परीक्षकही तोच म्हातारा. तुमच्याकडे दिलेल्या पदवीचं वजन इथल्या पदवीइतकंच भरलं पाहिजे, एवढं बघणं माझं काम. परीक्षार्थीचं नाव मी जाणायचं नाही, हेही तसंच. एकाच पोराशी आंधळी कोशिंबीर खेळण्यातला प्रकार आहे, पण नियम तो नियम.

तुमचा निकाल मला मान्य आहे. नापास. पुस्तकात आहे ते सगळं त्या पोराने लिहिलंय. स्वतःचं एकही वाक्य नाही. मे महिन्यात शेवटची संधी, आणि ऑगस्टअखेर विद्यापीठ त्याचं नाव पटावरून काढणार. मग एवढ्या वर्षांचं शिकणं पाण्यात. त्याला सांगा, चुकीचं का होईना, स्वतःचं काहीतरी लिही.

आपला,
निनियन गेडिस

*

कुरेसारे, एस्टोनिया
२ नोव्हेंबर २००९

आदरणीय गेडिस सर,

इतकी वर्षं तुम्ही उत्तरपत्रिकांच्या समासातल्या माझ्या हिरव्या शाईला फक्त ‘सहमत’ एवढंच उत्तर देत आलात. यंदा आख्खं पत्र आलं. मी ते दोनदा वाचलं आणि कुठल्या फायलीत लावायचं हे न कळल्यामुळे पर्समध्ये ठेवलं.

आमची वार्षिक समिती नियमाप्रमाणे भरली. अध्यक्ष मी, सचिव मी, विद्यार्थी प्रतिनिधी म्हणजे अर्थात परीक्षार्थी. इतिवृत्तात लिहिलंय: ‘प्रतिनिधींनी खोली गार असल्याची तक्रार केली. अध्यक्षांनी सहानुभूती व्यक्त केली.’ सहानुभूती व्यक्त करून झाल्यावर अध्यक्षांनीच खाली जाऊन लाकडं आणली. कॉलेजची बाकीची जागा आता नाचाच्या क्लासला दिली आहे. आम्ही वर शोककविता वाचतो, खालून पोल्काचे पाय आपटतात.

तुम्ही ‘पोरगा’ म्हणता. मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. आमच्या भाषेत तो आणि ती दोघांना एकच शब्द, त्यामुळे गुपित राखायला मला कष्ट पडत नाहीत.

स्वतःचं वाक्य का नाही, ते मला माहीत आहे. सर, एकट्याच्या वर्गात मत तयार होत नाही. त्याला शेजारच्या बाकावर ‘छे, काहीतरीच’ म्हणणारं कुणीतरी लागतं. मी म्हटलं तर ते मान हलवून वहीत उतरवलं जातं. मी पडले शिक्षिका.

त्या नावाड्याच्या कवितेचं पुढे काय झालं? ते लिहा. काम म्हणून नव्हे. सहज.

विर्वे सालुवेर

*

क्रोमार्टी
९ डिसेंबर २००९

विर्वेबाई,

विचारलंत म्हणून लिहितो. म्हाताऱ्याला कविता विचारू नये, तो थांबत नाही.

खरं म्हणजे ती कविता मी टलक मास्तरांच्या वर्गात शिकलोच नाही. मी धाकट्या वर्गात होतो. भिंत एक आणि पाइपही एकच, तिकडून आमच्याकडे येणारा. आमच्या बाई विणकाम करत बसायच्या आणि मी पाइपला कान लावून बसायचो. ठेका यायचा, आवाज यायचे, मधले काही शब्द भिंतीतच राहायचे. राहिलेल्या जागी मी माझे शब्द घालायचो. पुढे मास्तरांच्या वर्गात गेलो तर पहिल्याच दिवशी आख्खी कविता म्हणून दाखवली. मास्तरांनी विचारलं, “कोणी शिकवली रे?” मी म्हटलं, “पाइपने, सर.” पोरं इतकी हसली की मास्तरांना छडी पाइपवर नाही, टेबलावर आपटावी लागली.

मग त्यांनी पुस्तक उघडून दाखवलं. माझ्या कवितेत नावाडी संध्याकाळी परत येत होता. पुस्तकातला येतच नाही. काठावर कंदील तेवत राहतो आणि कविता संपते. मी रडलो होतो. आज इतक्या वर्षांनीही मला माझीच कविता खरी वाटते. एल्स्पेथ, माझी बायको, म्हणायची, “निनियन, तू आयुष्यभर एका चुकीच्या पाठांतरावर काढलंस.” ती जाऊन सहावं वर्ष. तिची खुर्ची मी खिडकीकडे तोंड करून ठेवली आहे, म्हणजे तिने माझ्याकडे पाठ केली आहे असं वाटत नाही. तीच खाडीकडे बघत बसली आहे असं वाटतं.

हे सगळं परीक्षकाने शिक्षिकेला लिहावं का, मला माहीत नाही. पोराचं कसं चाललंय?

निनियन गेडिस

*

कुरेसारे
२० फेब्रुवारी २०१०

गेडिस सर,

समुद्र गोठला. काल बर्फावरच्या रस्त्याने गाडी घेऊन पलीकडे जाऊन आले. त्या रस्त्यावर गाडीत सीटचा पट्टा बांधायचा नाही असा कायदा आहे, बर्फ फुटलं तर बाहेर पडता यावं म्हणून. लोक विचारतात, भीती नाही वाटत? मी म्हणते, वर्षभर पट्टा बांधून बसतो तेव्हा कुठे सुरक्षित असतो आपण.

तुमच्या नावाड्यावरून इथे भांडण झालं. मत असं पडलं की पुस्तक बरोबर आणि तुम्ही चूक. नावाडी परत आला तर कविता कशाला लागते? बायको रस्सा वाढेल आणि विषय संपेल. मला मात्र तुमची बाजू घ्यावीशी वाटली. माझा नवरा फिनलंडला कामाला गेला. आधी दर महिन्याला यायचा, मग ख्रिसमसला, मग नुसतं कार्ड. त्यामुळे पुस्तक बरोबर आहे हे मला ठाऊक आहे. तरी पाइपची बाजू घेतली.

अजून लिहा. कशाबद्दलही. कवितांबद्दल लिहिलंत तर उत्तमच. तुमची पत्रं इथे वाया जात नाहीत.

विर्वे

ता. क. परीक्षार्थीकडून परवा एक वाक्य आलं. स्वतःचं. चुकीचं होतं. मी हिरव्या शाईने खाली रेघ मारली.

*

क्रोमार्टी
८ जून २०१०

श्रीमती सालुवेर,

मेच्या परीक्षेची उत्तरपत्रिका मिळाली. हे पत्र परीक्षक म्हणून लिहीत आहे, तेव्हा मार्च-एप्रिलमधल्या माझ्या लांबलचक पत्रांचा सूर यात सापडणार नाही. माफ करा.

न पाहिलेल्या कवितेवरच्या प्रश्नाला परीक्षार्थीने जे उत्तर लिहिलं आहे ते मी तीनदा वाचलं. उत्तम आहे, आणि तिथेच माझी अडचण आहे. त्यात असं वाक्य आहे: ‘काही माणसं कविता भिंतीपलीकडून शिकतात. अशा माणसांच्या कवितेत नावाडी नेहमी परत येतो, कारण भिंतीत हरवलेल्या शब्दांच्या जागी ते आपली आशा घालतात.’

ही गोष्ट मी हयात माणसांपैकी एकालाच सांगितली आहे. तुम्हाला.

ऑक्टोबरमध्ये ज्याला स्वतःचं एक वाक्य लिहिता येत नव्हतं, तो मेमध्ये माझं बालपण लिहितो आहे. मला दोनच अर्थ दिसतात. तुम्ही परीक्षेआधी उत्तर तयार करून दिलंत. किंवा परीक्षार्थी असा कुणी उरलेलाच नाही, आणि हा अभ्यासक्रम, हे खोकं, ही पत्रं चालू राहावीत म्हणून कुणीतरी हिरवी शाई बाजूला ठेवून निळीने लिहीत बसलं आहे. हे खरं असेल तर त्यामागचा एकटेपणा मला कळतो. पण त्यावर विद्यापीठाचा शिक्का मला मारता येणार नाही.

खुलासा पाठवा. अहवाल या महिनाअखेर द्यायचा आहे.

नि. गेडिस

*

कुरेसारे
१९ जून २०१०

श्री. गेडिस,

तुमचं पत्र वाचून मी आधी परसात जाऊन लाकडं फोडली. या दिवसांत लाकडं कुणाला लागत नाहीत.

परीक्षार्थी आहे. हाडामांसाचं माणूस आहे, खोकला आहे, आणि परीक्षेच्या दिवशी तुमच्या विद्यापीठाने रीगाहून पाठवलेला पर्यवेक्षक समोर बसला होता. त्याला विचारा. त्या तीन तासांत मी खाली नाचाच्या क्लासच्या जिन्यात बसून होते, कारण वर मला सक्त मनाई. उत्तर मी दिलेलं नाही. प्रश्न मलाही ठाऊक नव्हता.

आता जे मी केलं ते सांगते. नोव्हेंबरात तुम्हाला लिहिलं होतं की वर्गात दुसरं कुणी नाही. डिसेंबरात तुमचं पत्र आलं. मी ते वर्गात नेलं आणि शेजारच्या बाकावर ठेवलं. खरंच ठेवलं. वाचून दाखवलं, पर्समधल्या पहिल्या पत्रातला पाइपचा भागही, आणि म्हटलं, “हे तुमचे वर्गमित्र. यांचं म्हणणं असं आहे. बोला.” परीक्षार्थीने पहिल्यांदा तोंड उघडलं: “छे, काहीतरीच.” गेडिस सर, एवढ्या वर्षांत मी त्या खोलीत तो शब्द ऐकला नव्हता. नावाडी परत येत नाही हे मत माझं नव्हतं. मग मार्चचं पत्र, एप्रिलचं पत्र. पत्र यायला उशीर झाला की मला विचारणा व्हायची, “आज ते गैरहजर का?”

कोणी लिहिलंय हे मी कधी सांगितलं नाही. सही घडी घालून झाकायचे, ओळख पटेल त्या ओळी वाचताना गाळायचे. तुम्हाला परीक्षार्थीचं नाव माहीत नाही आणि परीक्षार्थीला तुमचं, म्हणजे नियम पाळला, असं मी स्वतःला समजावलं. याला तुमच्या नियमपुस्तकात काय म्हणतात ते तुम्हीच बघा. मला भलतं काहीतरी समजलात हे मात्र लागलं. एकटी आहे, लबाड नाही.

विर्वे सालुवेर

*

क्रोमार्टी
२८ जून २०१०

विर्वेबाई,

क्षमा मागायला मला शब्द सापडत नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांचे पाठ केले, त्याचा हा परिणाम असावा.

नियमपुस्तक पाहिलं. तुम्ही जे केलंत त्याला शिकवणं म्हणतात. आणि मी नकळत जे केलं त्यालाही तेच म्हणतात. सहा महिने मी त्या परीक्षार्थीच्या शेजारी बसलो, वाद घातला, त्याला चिडवलं, त्याच्याकडून चूक ठरलो. ज्याने शिकवलं त्याने बाहेरचा परीक्षक म्हणून तोलायचं नाही, हे पहिल्याच पानावर आहे. तराजू धरणारा स्वतःच पारड्यात जाऊन बसला.

दोन दिवस खाडीकाठी फिरलो. गप्प राहिलो तर कुणालाही कळणार नाही. मी सही करीन, पोरगा पास होईल, ऑगस्ट उलटेल. डॅलगार्नो बाई आमचं वाचतात ते फक्त शेवटचं पान. पण मग ती पदवी माझ्या मायेने दिलेली होईल. पुढे कुणी त्याला विचारलं, ‘कुठून मिळाली रे?’ तर त्याला ‘पाइपने’ असं उत्तर द्यावं लागेल आणि लोक हसतील. त्याचं उत्तर माझ्या मदतीशिवाय उभं राहण्याइतकं चांगलं आहे, असं मला वाटतं. म्हणूनच ते दुसऱ्या कुणीतरी बघायला हवं.

मी आजच डॅलगार्नो बाईंना सगळं लिहून परीक्षकपद सोडलं. एका परीक्षार्थीसाठी नवा परीक्षक ऑगस्टआधी मिळेल का, हे त्यांनाही ठाऊक नाही. मिळाला नाही तर पटावरून नाव जाईल आणि दोष माझा असेल. मिळाला तर खोकं यापुढे त्याच्या दारात जाईल. पन्हाळीचा पाइप आता वाजणार नाही.

त्याला सांगा, वर्गमित्र शाळा सोडून गेला. कारण सांगू नका.

निनियन

*

कुरेसारे
१२ सप्टेंबर २०१०

गेडिस सर,

वेल्सच्या एक बाई मिळाल्या, ऑगस्टचा तिसरा आठवडा उजाडल्यावर. त्यांनी तुमचं राजीनाम्याचं पत्रही वाचलं आणि उत्तरपत्रिकाही. समासात पेन्सिलीने लिहिलंय, ‘युक्तिवादाशी सहमत नाही. विचार उमेदवाराचा स्वतःचा आहे.’ पास. वरची श्रेणी नाही, सवलत नाही. वजन भरलं.

मंडळाने शिक्कामोर्तब केलं. निकाल सांगितला तेव्हा परीक्षार्थीने शेगडीतली राख काढली, खोली झाडली आणि खुर्च्या उलट्या करून टेबलावर ठेवल्या. सगळ्या. आम्ही फक्त दोनच वापरायचो. मग मला विचारण्यात आलं, ते वर्गमित्र कोण होते? आता सगळं संपलेलं होतं, म्हणून सांगितलं. पत्ताही विचारण्यात आला. तोही सांगितला.

खोली नाचाच्या क्लासला दिली. शेवटचा अहवाल पाठवला, त्यात ‘सुधारणेसाठी सूचना’ या जागी काय लिहावं ते सुचलं नाही. डॅलगार्नो बाईंनी एका ओळीत आभार मानले.

आता आपल्याला एकमेकांना लिहायला नियमाप्रमाणे काही कारण उरलेलं नाही. हे मी दुःखाने लिहीत नाही. फक्त कळवते.

विर्वे

*

क्रोमार्टी
१० ऑक्टोबर २०१०

प्रिय विर्वे,

कारण उरलेलं नाही म्हणूनच लिहितो. गेल्या वर्षी या सुमाराला तुमचं खोकं आलं होतं. या आठवड्यात रोज सकाळी पोस्टमनच्या वेळेला मी दाराजवळच्या खोलीत काहीतरी काम काढून बसतो. काल बुटांना पॉलिश केलं, परवाही केलं होतं. तो वाजवत नाही. फटीतून वीजकंपनीचं पत्रक आत टाकतो आणि जातो.

आज रविवार, तेव्हा तोही यायचा नाही. खाडीवर धुकं आहे. पलीकडच्या काठावरचा दिवा दिसतो, काठ दिसत नाही. एल्स्पेथची खुर्ची अजून तिकडेच तोंड करून आहे. मी तिला सांगितलं की त्या पोराला पदवी मिळाली. ते पोर कोण, कसं दिसतं, किती उंच आहे, मला कधीच कळणार नाही. पण या जगात एक माणूस असा आहे की ज्याने सहा महिने माझ्याशी भांडण केलं आणि मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हातारपणी एवढं

(पुढचं तासाभराने लिहितो आहे. अक्षर बिघडलंय, समजून घ्या.)

मी वरचं वाक्य लिहीत होतो आणि पन्हाळीचा पाइप वाजला. रविवारी. पोस्टमनसारखा धडाधड नाही. ठण, ठण, ठण. आणि मग झटपट दोन.

विर्वे, मी खुर्चीतून उठलो की नाही ते मला आठवत नाही. दार उघडलं. पायरीवर एक बाई उभी होती. पोरगा नव्हे. पोरगीही नव्हे. माझ्या वयाची, कदाचित एखाद-दोन वर्षांनी मोठी, हातांत विणलेले नक्षीचे हातमोजे, काखेत कापडात गुंडाळलेला काळा पाव, चष्म्यावर धुक्याचे थेंब. एका हातात छत्री उलटी धरलेली. छत्रीच्या मुठीनेच पाइप वाजवला होता.

“आस्ता कोल्क,” ती म्हणाली. “आता नाव सांगायला हरकत नाही ना?”

बहुधा मी तिच्याकडे फार वेळ बघत राहिलो, कारण तिने स्वतःहूनच सांगून टाकलं. “मी बेटावरच्या शाळेत रशियन शिकवायचे. देश सोव्हिएत संघापासून स्वतंत्र झाला, सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. आणि एका सप्टेंबरला मी वर्गात गेले तर कुणी आलंच नव्हतं. बाकं होती. मग वाटलं, आता आपणच कुठल्यातरी वर्गात जाऊन बसावं.” तिने चष्मा पुसला. “तिथेही बाकंच होती. मग तुम्ही आलात.”

मी बाजूला झालो. ती आत यायला निघाली आणि उंबरठ्यावरच थांबली. मान थोडी वर केली. अगदी तशी, वर्गातल्या सगळ्यात हट्टी मुलाची असते ना, तशी.

“पण एक सांगून ठेवते,” ती म्हणाली. “मी मत बदललेलं नाही. नावाडी परत येत नाही.”

भिजलेली, बोट आणि विमान आणि दोन बस बदलून आलेली, माझ्या दारात उभी राहून म्हणते, कुणी परत येत नाही.

मी म्हटलं, “छे, काहीतरीच.”